गोडबोले, खारकर आणि पाच नंबरची बाटली

समीक्षाने त्या दोघांची नावं गोडबोले आणि खारकर अशी ठेवली होती. त्यांची खरी नावं लॅटिनमधली, उच्चारताना जिभेची परीक्षा पाहणारी, आणि त्यातलं एक तर अजून पक्कं व्हायचं होतं. रोह्याच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या खिडकीखाली, भाताचा पेंढा उकळून गाळलेल्या पाण्याच्या बाटल्यांत ही मंडळी सुखाने नांदत होती. एका पेशीचा संसार, अंगाखाली केसांचे झुपके, आणि त्या झुपक्यांवर ती काचेवरून अशी तुरुतुरु पळायची की मायक्रोस्कोपमध्ये पहिल्यांदा डोकावणारा विद्यार्थी हमखास म्हणायचा, "मॅडम, ढेकूण."

"ढेकूण नाही. सिलिएट," समीक्षा सांगायची. तासिका तत्त्वावर शिकवत असल्यामुळे रागवायचे पैसे तिला वेगळे मिळत नव्हते, म्हणून ती हसून सांगायची.

गोडबोले गोड्या पाण्यातला, खारकर खाडीतला. एवढाच फरक, आणि तोही राहत्या पत्त्याचा. बाकी अंगकाठी तीच, झुपके तितकेच, चालही तशीच. पुस्तकांनी तर दोघांना एकाच नावाखाली बसवून विषय संपवला होता. समीक्षाचं म्हणणं होतं की या दोन वेगळ्या जाती आहेत. प्रयोगशाळेत तिने दोघांना हळूहळू सारख्याच मचूळ पाण्याची सवय लावून एका बशीत ठेवलं होतं. शेजारी शेजारी जेवायचे, पण सोयरीक काही जुळायची नाही. उघड्या निसर्गात मात्र जिथे गोडं पाणी तिथे गोडबोले खारकरला पाय ठेवू देत नसे.

हे म्हणणं सिद्ध करायला डोळे उपयोगाचे नव्हते. त्यासाठी तिच्या पीएच.डी.चे मार्गदर्शक कमळाकर सर यांनी तीन वर्षं अर्ज करून मिळवलेलं पीसीआरचं यंत्र होतं. जीवाच्या जनुकाचा एक ठरावीक तुकडा घ्यायचा, यंत्रात त्याच्या कोट्यवधी प्रती काढायच्या, मग त्यांना एका रसायनाची कात्री लावायची. ही कात्री जनुकात ठरलेली अक्षरं दिसली तरच चालते. गोडबोलेचे दोन तुकडे पडतात, खारकरचे तीन. ते तुकडे जेलीच्या वडीतून विजेने पळवले की खालून लावलेल्या दिव्यात चकाकत्या रेघा उमटतात. दोन रेघा म्हणजे गोडबोले, तीन म्हणजे खारकर. तिसरीतल्या मुलालाही मोजता याव्यात अशा.

समीक्षाने नमुने गोळा केले होते ते आपल्याच गावातून. पेणच्या खाडीकडे खारतळी म्हणून गाव आहे. गाव आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध, बांधाच्या एका अंगाला भाताची शेतं, दुसऱ्या अंगाला भरती-ओहोटी. बांधात एक लाकडी दार, त्याला उघाडी म्हणतात. पावसाळ्यात शेतातलं जादा पाणी उघाडीतून खाडीत सोडायचं आणि भरतीला दार घट्ट लावून खाडीला बाहेर ठेवायचं, एवढ्यावर सगळ्या गावाचा भात उभा असतो. तिने सहा बाटल्या बांधाच्या आतून भरल्या, सहा बाहेरून. आतल्या सहांत गोडबोले निघायला हवा, बाहेरच्या सहांत खारकर. इतका सरळ हिशेब होता.

अकरा बाटल्या शहाण्यासारख्या वागल्या. पाच नंबरच्या बाटलीने घात केला. बाटलीवर लिहिलेलं होतं "आत, उघाडीजवळचा खड्डा", आणि रेघा उमटल्या तीन.

"बाटल्यांची अदलाबदल केलीस," कमळाकर सर म्हणाले. सर मुळात शांत माणूस. कुणी काच फोडली तरी आधी पाय कापला का विचारायचे. पण तिचं काम तपासणारी विद्यापीठाची समिती तीन आठवड्यांवर आली होती.

"नाही सर. परत केलं, तीनदा केलं. मूळ बाटलीतून नवे जीव उचलले."

"मग भरतानाच चूक. त्या जागेच्या खारटपणाचं मीटरचं वाचन दाखव."

समीक्षाने वही पुढे केली. अकरा ओळींत आकडे होते. पाचव्या ओळीत, आकड्याच्या जागी, तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: "गोड (आजा)".

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. अक्षरं बदलली नाहीत. "हे कोणत्या कंपनीचं मीटर?"

मग तिला सांगावं लागलं. मार्चमध्ये एवढी एकच बाटली भरायची राहिली आणि नेमकी त्या दिवशी परीक्षेची ड्यूटी लागली होती, मीटर रोह्याशेजारच्या वरसे गावातल्या तिच्या भाड्याच्या खोलीवर पिशवीत होतं, म्हणून पाच नंबरची बाटली आजोबांनी भरली. गुणाजी आजा उमेदीची वीस वर्षं मिठागरात होता. पाणी मीठ धरायला आलंय का हे तो बोट बुडवून, बोट जिभेला लावून सांगायचा, आणि मुकादम त्याच्या शब्दावर पाणी पुढच्या कुंडीत सोडायचा. मिठागर सुटलं, पण जीभ राहिली. पुढची तीस वर्षं गावाने बांध आणि उघाडी त्याच्याकडे सोपवली. पेरणीच्या आधी लोक विचारायचे, गुणाजी, पाणी कसं? तो बोट बुडवून म्हणायचा, गोड. मगच भात पडायचा. असल्या माणसाने फोनवर "गोड हाय" म्हटल्यावर मीटर लावून पाहणं म्हणजे घरच्या देवाला ओळखपत्र मागणं, आणि ते समीक्षाच्याने झालं नव्हतं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. "पाच नंबर वगळ," ते म्हणाले. "अकरा नमुने पुरेसे आहेत. समितीतल्या एकाने जरी ही ओळ वाचली, तर बाकीच्या अकरांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. तीन वर्षं पाण्यात जातील तुझी."

समीक्षा वरशाला चालत आली. धाटावच्या कारखान्यांच्या शिफ्टची बस सुटलेली, रस्ताभर दुचाक्या, हातात डबे. तिला रडू येत नव्हतं, राग येत होता, आणि कुणाचा ते ठरत नव्हतं. पाच नंबर वगळायला वहीतलं एक पान पुरलं असतं. पण मग आजाची चूक झाली असं तिने मनातल्या मनात मान्य केल्यासारखं झालं असतं. आणि बाटली खरोखर आतलीच असेल तर त्याचा अर्थ आणखी वाईट होता. खारकर बांधाच्या आत नांदतोय याचा अर्थ खाडी आत येतेय. बांधाला कुठेतरी भोक पडून खांड होतेय. पुढच्या गुरुवारी अमावास्या होती, आणि अमावास्येचं उधाण बारीक भोकालाही सोडत नाही. एकदा खारं पाणी पसरलं की ती जमीन तीन-तीन वर्षं भात देत नाही.

रविवारी सकाळच्या गाडीने ती पेणला उतरली, तिथून मिनीडोर रिक्षाने गावात. या खेपेला मीटर पिशवीत सगळ्यात वर होतं.

"बाटली तू आतनंच भरलीस ना, आजा?" तिने पायातल्या चपला काढायच्या आधीच विचारलं.

गुणाजी ओटीवर जाळं सांधत बसला होता. त्याने सुई थांबवली. "मना आत-भायेर कलत नाय असं बोलतेस का तू?"

"तसं नाही रे. खाडीवाले खाडीत शिरण्याला आत म्हणतात, म्हणून म्हटलं."

"मी खाडीवाला हाय का? मी बांधावाला हाय. बांधावाल्याचं आत म्हंजे शेत." सुई पुन्हा चालू झाली. "आन् पानी गोड व्हतं. चाखून भरलंय."

"पोरगी आता आली, तिला पानी तरी दे, मंग चाखाचाखी कर," हौसा आजी आतून म्हणाली. "समे, हात धू गो. जेवाया बस."

जेवायला सुकटीचं कालवण होतं. दोन पातेल्यांतलं. डॉक्टरांनी गुणाजीला मीठ बंद केल्यापासून हौसा त्याचं कालवण वेगळं करायची आणि वरून त्याची बोलणीही खायची, कारण मिठागरात जन्म काढलेल्या माणसाला अळणी वाढणं हा तिच्या दृष्टीनेही गुन्हाच होता. वाट्या समीक्षाने भरल्या. पहिल्या घासाला तिने तोंड वाकडं केलं.

"आजी, मीठ विसरलीस."

हौसाने वाकून वाटीत पाहिलं. "अगो, ही त्यांची वाटी. तू त्यांचं घेतलंस."

म्हणजे तिची वाटी आजाच्या पानात होती. दोघींनी एकदमच तिकडे पाहिलं. गुणाजी भाकरी मोडून कालवणात बुडवत होता, नेहमीच्या घाईत, नेहमीच्या तोंडाने. वाटी निम्मी संपली होती. दोन वर्षांत त्याच्या तोंडी पडलेलं हे पहिलं मिठाचं कालवण, आणि त्याने वर मानही केली नव्हती.

"कसं झालंय?" हौसाने विचारलं. तिचा आवाज जरा चोरटा झाला होता.

"कसं व्हनार? रोजच्यासारखं. अळनी," गुणाजी म्हणाला.

 हौसाने पदराने हात पुसले, जे कोरडेच होते. समीक्षाने हातातला घास पानात ठेवला. अळणी कालवणामुळे नव्हे. तीन रेघांचं गणित तिच्यासमोर सुटलं होतं आणि ते सुटायला नको होतं असं तिला मनापासून वाटलं.

जेवण झाल्यावर आजा आणि नात बांधावर गेली. ओहोटी लागली होती. खाडीच्या अंगाला चिखलावर बगळे हिंडत होते. आतल्या अंगाला, उघाडीशेजारच्या खड्ड्यात पाणी होतं, स्वच्छ, दिसायला अगदी गोजिरवाणं. गुणाजी उकिडवा बसला, बोट बुडवलं, जिभेला लावलं.

"गोड," तो म्हणाला.

समीक्षाने मीटर पिशवीतून काढलं आणि तसंच हातात धरून राहिली. लहानपणी याच खड्ड्याशी तिने आजाच्या बोटाला धरून पहिल्यांदा पाणी चाखलं होतं. खारं, मचूळ आणि गोडं वेगळं कसं ओळखायचं ते त्यानेच शिकवलं होतं. खरं तर तिची सगळी पीएच.डी. तिथेच सुरू झाली होती, नाव नंतर नोंदवलं एवढंच.

"लाव ते," गुणाजी म्हणाला. "आनलंयस तर लाव."

तिने लावलं. तो मीटरकडे पाहत नव्हता, तिच्या तोंडाकडे पाहत होता.

"किती?"

"चौदा."

"गोडं किती असतं?"

"एकाच्याही खाली, आजा."

गुणाजीने पुन्हा बोट बुडवलं. या वेळी बराच वेळ जिभेवर ठेवलं, डोळे मिटून. मग बोट धोतराला पुसलं आणि बांधाच्या उतारावर नीट बसला, चर्चेला बसतात तसा.

"दोन वर्सांमागं तो ताप आलता ना," तो म्हणाला. "तवा सगली चव गेली. मंग गोड आलं, आंबट आलं, तिखटबी आलं. खारट तेवडं आलं नाय. मी बोललो, येल. आज येल, उंद्या येल. डाक्टरनं मीठ बंद केलं तवा मी मनात बोललो, बरं झालं, आता कोनाला कलनार नाय."

"मला तरी सांगायचंस."

"काय सांगू? गुनाजीची जीभ मेली, असं? गाव त्या जिबेवर पेरतंय, पोरी." तो खड्ड्याकडे पाहत राहिला. "गेल्या साली कोपऱ्यातला भात पिवला पडला. मी बोललो, रोग हाय. औषद मारलं लोकांनी. रोग माज्या तोंडात व्हता."

समीक्षाला त्याची दया आली आणि त्याच क्षणी त्याचा भयंकर रागही आला. दोन्ही तिने गिळलं. "खांड कुठे असेल, ते सांग," ती म्हणाली. "गुरुवारी अमावास्या आहे."

हा प्रश्न बरोबर माणसाला विचारलेला होता. गुणाजी उठला, धोतर वर खोचलं आणि खाडीच्या बाजूने चिखलात उतरला. उघाडीच्या लाकडाला हात न लावता, बांधाच्या मुळाशी अनवाणी पाय रोवत तो एकेक पाऊल सरकत गेला. वीस पावलांवर थांबला. पाय जरा हलवला, आणखी खाली दाबला.

"हितं," तो म्हणाला. "माती भुसभुशीत लागतेय. खेकड्यांनी केलंय."

त्याने खांद्यापर्यंत हात घातला. भोक मुठीएवढं होतं, आत जाऊन वाकडं झालेलं, बाहेरून गवताने झाकलेलं. भरतीला तेवढ्यातून गुपचूप पाणी शिरत होतं आणि ओहोटीला भोक निरुपद्रवी दिसत होतं.

तासाभरात बांधावर चाळीसएक माणसं जमली. फावडी, घमेली, पेंढ्याच्या पेंड्या. बाया चिखलाचे ढेपे हातोहात पुढे देत होत्या, पुरुष ते पायाने दाबत होते. कुणीतरी न राहवून शेवटी विचारलंच, "गुणाजीदादा, मार्चात तर तू गोड बोललास."

हौसा ढेपा हातात घेऊन पुढे झाली. नवऱ्यावर पांघरूण घालायला एखादं कारण तिने तयार ठेवलेलं असावं, पण तिला तोंड उघडायला मिळालं नाही.

"चुकलो," गुणाजी म्हणाला. "माजी जीभ गेलीय. खारं कलत नाय मना. दोन वर्सं झाली, बोललो नाय."

फावडी थांबली.  गावाने त्याला शिव्या घातल्या असत्या तर समीक्षाला समजलं असतं. पण लोकांनी नुसत्या माना खाली घातल्या, आणि ते जास्त कठीण होतं.

"मग आता पानी कोन चाखनार?" मागून एक म्हातारी म्हणाली. प्रश्न रागाचा नव्हता, खरोखरीचा होता.

गुणाजीने हनुवटीने समीक्षाकडे दाखवलं. "हिनं सोधलंय. रोह्याला बसून सोधलंय, बांधावर न येता. हिच्याकडं जनावरं हायत, ती चाखतात."

संध्याकाळच्या आत भोक बुजलं, वर दगड बसले. गुरुवारचं उधाण आलं, बांधाला धडका मारून, हात हलवत परत गेलं.

समितीपुढे समीक्षाने बाराच्या बारा नमुने मांडले. पाच नंबरच्या ओळीत आता मीटरचं वाचन होतं, शेजारी भोकाचा फोटो होता आणि फोटोत, माप कळावं म्हणून, गुणाजीची मूठ होती. दोन जाती वेगळ्या आहेत हे रेघांनी सांगितलंच होतं. पण त्या वेगळ्या ओळखता आल्या तर बांध वाचतो, हे पाच नंबरने सांगितलं. समितीतले एक वयस्क सदस्य त्या मुठीकडे इतका वेळ पाहत राहिले की गार झालेला चहा त्यांना परत मागवावा लागला. कमळाकर सर नंतर जिन्यात म्हणाले, "म्हणजे चूक तुझी नव्हतीच."

"होती सर. मीटर लावलं नव्हतं."

"ती होतीच," सर म्हणाले. "ती चूक झाली नसती तर मात्र खारट म्हणून ती बाटली तू टाकूनच दिली असतीस, आणि आपल्याला काहीच सापडलं नसतं. हे कुठे लिहू नकोस."

पाऊस लागून दहा दिवस झाले होते तेव्हा गुणाजी स्वतः रोह्याला आला. एकटा, गाडीने, धोतरावर छत्री टेकवत. कापडी पिशवीतून त्याने एक बाटली काढून प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवली. बाटलीवर कागद चिकटवलेला होता आणि कागदावर मोठ्या, थरथरत्या अक्षरांत एकच शब्द होता: "आत".

"आजा, मीटर मी तुझ्याकडेच ठेवलंय ना. पाहिलं नाहीस?"

"बगितलं. अर्दा दावतंय." तो स्टुलावर बसला. "पन पाऊस पडतोय. वरनं गोडं पानी ओततंय देव, मीटर गोडंच बोलनार. खालनं खाडी झिरपतेय का ते त्याला काय ठाव? झिरपत असल तर तुजा तो खारकर हितं ऱ्हायला असल ना अजून? का गेला?"

 हा प्रश्न समितीतल्या कुणालाही सुचला नव्हता. कमळाकर सर कपाटाआडून बाहेर आले, गुणाजीला नमस्कार केला आणि स्वतःची खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"तीन दिवस लागतील," ती म्हणाली. "पेरणी थांबेल तेवढी?"

"थांबवलीय. सगले माज्या तोंडाकडं बगतायत." तो हसला, पण ते हसू फार टिकलं नाही. "मी तुज्या."

तिसऱ्या दिवशी दुपारी समीक्षाने जेलीची वडी दिव्यावर ठेवली.  तिने मोजलं. दिवा विझवून, परत लावून, परत मोजलं. मग फोन लावला. पलीकडे पहिल्याच रिंगला उचलला गेला, म्हणजे फोन हातातच होता. मागे पाऊस आणि माणसांची कुजबुज ऐकू येत होती.

"आजा, दोन."

"दोन म्हंजे?"

"दोन रेघा. एकटा गोडबोले. खारकर गेला."

  मग गुणाजीने फोन तोंडापासून दूर धरला असावा, कारण त्याचा आवाज लांबून आला, बांधावरून शेतात पोचावा असा, तिच्या लहानपणीचा मोठा आवाज.

"गोड हाय रं. पेरा."

समीक्षाने फोन कानाला तसाच धरून ठेवला. पलीकडे माणसं एकमेकांना हाका मारत चिखलात उतरत होती, आणि आजा फोन बंद करायला विसरला होता.